वरचं पाणी आणि पेटीतला बर्फ

माझ्या नोकरीत मी सर्वांत जास्त काय केलं असेल, तर पाणी ओतलं. हातात नळी, नळीच्या तळाशी चिमूटभर साका, वर गढूळसर पाणी. साका ठेवायचा, पाणी बेसिनमध्ये जंतुनाशक घालून ओतून द्यायचं. नोकरीची बहुतेक वर्षं मी हे केलं आणि कधी मनात विचार आला नाही की आपण काय ओततोय. आता निवृत्त होऊन नागावच्या वाडीत बसले आहे, तर त्याच ओतलेल्या पाण्याबद्दल लिहायला घेतलं आहे.

पण आधी मी काय करायचे ते सांगते, कारण ते सरळ सांगण्याची मुभा मला आजवर फारशी मिळालेली नाही. अलिबागला एका वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ होते. पुरुषांचं वीर्य तपासणं हे माझं मुख्य काम. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून रक्त तपासते." त्यांचा त्यात काही दोष नाही. एकदा मी एका लग्नाच्या पंगतीत खरं सांगितलं तर समोरच्या बाईंनी जिलबी खाली ठेवली.

गिऱ्हाइकांचीही तीच तऱ्हा. 'सॅम्पल' हा शब्द पुढे रूढ झाला. त्याआधी 'ते', 'ते आपलं', 'मटेरियल' आणि एका निवृत्त होत आलेल्या साहेबांच्या तोंडी 'कागदपत्रं' असेही शब्द मी ऐकले. किहीमच्या एका होमस्टेवाल्याने तर स्वतःच्या तपासणीसाठी ड्रायव्हरचं नाव आणि फोन नंबर दिला. आम्ही आपले रिपोर्ट तयार झाला म्हणून त्या ड्रायव्हरला फोन करतोय. त्याला दोन मुलं. घरी जी चौकशी झाली असेल ती झाली असेल, पण पुढच्या खेपेला तो मालकाला दारात सोडून गाडी वळवून लगेच निघून गेला.

नमुना द्यायची खोली पूर्वी प्रतीक्षागृहाला लागून होती. बाहेर बायकांच्या गप्पा, टीव्हीवर मालिका, आणि आत बिचारा माणूस. कितीतरी जण रिकामी डबी परत देऊन मान खाली घालून निघून जायचे. मी डॉक्टरांशी भांडून ती खोली मागच्या बाजूला नेली आणि दाराला आतून नीट बसणारी कडी लावून घेतली. माझ्या हातून या क्षेत्रात झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा असं मी अजूनही मानते.

तपासणी तशी साधी. सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू मोजायचे, त्यांची चाल पाहायची, आकार पाहायचा. काही वेळा एकही दिसत नाही. मग नमुना नळीत घालून यंत्रात गरगर फिरवायचा, म्हणजे जे काही असेल ते तळाशी बसतं. वरचं पाणी ओतायचं आणि तळाचा साका थेंबाथेंबाने चाळायचा. तिथेही नाही मिळालं तर लिहायचं 'शून्य'. हा शब्द लिहिणं माझ्या जिवावर यायचं. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असे आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नसे. शून्य म्हणजे आत तयारच होत नाहीत, की तयार होतात पण वाट बंद आहे? की आत एखाद्या कोपऱ्यात थोडे होतात, पण बाहेरपर्यंत पोचत नाहीत? ते कळायला आतला तुकडा काढून पाहावा लागे, आणि तोही नेमका त्या कोपऱ्यातला मिळेल याची खात्री नसे.

आमच्या डॉक्टर शुभदाबाई एक दिवस मुंबईहून आल्या त्या थेट प्रयोगशाळेत. म्हणाल्या, "नीलाताई, आजपासून वरचं पाणी ओतायचं नाही."

मुंबईतली एक संशोधन संस्था त्या पाण्यातली प्रथिनं तपासत होती आणि आमचं केंद्र त्यांना नमुने पाठवणार होतं. बाईंनी मला समजावलं ते असं. त्या पाण्यात वाटेवरच्या प्रत्येक ठिकाणाहून काहीतरी मिसळलेलं असतं. एक प्रथिन शुक्राणू जिथे तयार होतात तिथल्या पेशींतून येतं. दुसरं, पुढे ते ज्या बारीक, गुंडाळलेल्या नळीतून जातात तिथलं. दुसरं जवळजवळ नाहीच, तर वाट बंद. दुसरं आहे पण पहिलं नाही, तर वाट मोकळी आहे, आत मात्र काम थांबलेलं. आणि पहिलं थोडं जरी सापडलं, तर शुक्राणू बाहेर दिसत नसला तरी आत कुठेतरी काम चालू असण्याची शक्यता आहे. मला हे चटकन कळलं. आमच्या वाडीत शिंपणं चालू असताना पाटाच्या पाण्यातून सुपारीची फुलं वाहत आली, तर वर सुपारी फुलली आहे का ते जाऊन पाहायची गरज नसते. बाईंनी मात्र बजावलं की हे अजून संशोधन आहे, भविष्य नव्हे, कुणाला छातीठोक काही सांगायचं नाही.

अट एकच होती. प्रथिनं लवकर बिघडतात. नमुना थंड ठेवायचा, थंड यंत्रात फिरवायचा आणि पाणी लगेच गोठवायचं. म्हणजे माझ्या आजवरच्या शिकवणीच्या बरोबर उलट. शुक्राणूंना गारवा सोसत नाही. घरून नमुना आणणाऱ्यांना मी घोकून घोकून सांगायचे, डबी शर्टाच्या आत अंगाशी धरा, ऊब राहू द्या, तासाभरात पोचा. शिवाय सवय अशी की पुढचे कितीतरी दिवस माझा हात आपोआप बेसिनकडे वळे. शेवटी मी बेसिनवर एक ताट पालथं घातलं, म्हणजे ओतायला गेलं तर खणकन आवाज येईल.

ते ताट तिथे असतानाच काशीदकडचं एक जोडपं आलं. नावं बदलून सांगते. हरेश्वर मासेमारी करणारा, घरची बोट. त्याची बायको सुगंधा, बोलायला मोकळी, पण केंद्रात आली की पदराचं टोक पिळत बसायची. लग्नाला बरीच वर्षं झालेली. दोन ठिकाणी तपासण्या झाल्या होत्या, दोन्हीकडे त्याचं शून्य. मुंबईत एकदा सुईने तुकडा काढून पाहिला होता, त्यातही काही मिळालं नव्हतं.

घरी मात्र यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. घरच्यांच्या लेखी खोट सुगंधात होती. जावेच्या मुलाच्या बारशाला पाळण्याच्या दोरीला तिला हात लावू दिला नव्हता. हरेश्वरच्या आईने मुरूडकडची एक मुलगीही मनात धरून ठेवली होती आणि शिमगा झाला की सुगंधाला माहेरी धाडायचं घाटत होतं. हे सगळं तिने मला एकदा रक्त काढायला हात पुढे करता करता सांगितलं. मी चिडून म्हटलं, "मग तू सांगत का नाहीस, रिपोर्ट कुणाचा आहे ते?"

ती म्हणाली, "त्यांचा बोटीवर मान हाय, मॅडम. चार मानसं त्यांचा ऐकतात. मना बोलतात त मी ऐकून घेते."

हरेश्वरला आमच्या खोलीत नमुना देणं काही जमेना. नवी कडी असूनही जमेना. तेव्हा घरूनच आणायचं ठरलं. काशीदहून अलिबाग म्हणजे आधीच लांब, त्यात तो शनिवार. पर्यटकांच्या गाड्या रेवदंड्यापासून चौलपर्यंत एकीला एक चिकटलेल्या. मी घड्याळाकडे बघत बसले होते. हा आला तो घामाघूम, सुगंधा मागून येऊन बाकावर बसली, आणि याच्या हातात मासळीची थर्माकोलची पेटी. मला वाटलं पापलेट आणलं असेल, लोक आणतात. त्याने झाकण उघडलं. फोडलेला बर्फ गच्च भरलेला आणि मधोमध, मिठाच्या पिशवीत गुंडाळलेली माझी डबी.

मी ओरडले. चांगली ओरडले. म्हटलं, अरे, तुला तीनदा सांगितलं अंगाशी धर म्हणून, आणि तू बर्फात घालून आणतोस? ही काय कोळंबी आहे? बाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असणार. हरेश्वर पेटी दोन्ही हातांनी धरून तसाच उभा राहिला.

मग हळूच म्हणाला, "मना वाटला, वाटेत नासत असंल. लांबून येतंय. म्हनून दोन्ही टायमाला शून्य आला असंल. बर्फात ठेवला त नासनार न्हाय."

माझा राग तिथल्या तिथे विरला. हा माणूस इतके दिवस त्या एका आशेवर होता. आयुष्यभर त्याने पाहिलं होतं की जाळ्यातून ताजी, फडफडती निघालेली मासळी बर्फ मिळाला नाही तर बंदरावर येईतो वाया जाते. आपलंही तसंच झालं असेल, आपल्यात आहे, फक्त रस्त्यात गेलं, असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि ती आशा मोडायचं काम माझ्यावर आलं होतं.

मी त्याला खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की उशीर झाला किंवा गार पडले तर शुक्राणू मरतात, हे खरं. पण मेलेलेही सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ते विरघळून जात नाहीत. आधीच्या दोन्ही ठिकाणी मेलेलेही दिसले नव्हते.

"येक पन न्हाय?"

मी त्याच्यासमोरच थेंब लावला आणि पाहिलं. मग नमुना फिरवला, तळाचा साका चाळला. एकही नव्हता. त्याला नुसती मान हलवून सांगितलं. तो उठला, पेटीचं झाकण लावलं आणि सुगंधा बसली होती तिकडे न बघता बाहेर पायरीवर जाऊन बसला.

मी नळी घेऊन बेसिनकडे वळले. ताटावर नळीची कड आपटली आणि मी जागी झाले. वरचं पाणी. ज्याला घरून आणण्यावाचून गत्यंतर नव्हतं, त्याचा नमुना प्रथिनांसाठी एरवी उपयोगाचाच ठरला नसता. उन्हात, शर्टाच्या आत, त्या गाड्यांच्या रांगेत तो केव्हाच बिघडला असता. आणि हा माणूस, मी सांगितलेलं न ऐकता, तो बर्फात घालून आला होता. नळी अजून गारेगार होती. मी पाणी वेगळं केलं, गोठवायला ठेवलं आणि बाहेर पायरीवर गेले. हरेश्वरला म्हटलं, तुझ्या बर्फाने एक काम बरं केलंय, मुंबईला एक तपासणी पाठवते. आशा फार धरू नकोस.

तो म्हणाला, "मॅडम, परत कापून घ्यायला मी भीत न्हाय. पन आत कायतरी हाय, येवढा कुनीतरी सांगा. उगाच रिकाम्या खाडीत जाळा टाकायचा न्हाय."

मुंबईचा निरोप यायला वेळ लागला. मधल्या काळात पोयनाडच्या एका शिक्षकाचा आला. त्यांच्यात पहिलं प्रथिन अजिबात नव्हतं. बाईंनी त्यांना स्पष्ट सांगितलं की शस्त्रक्रियेतून काही मिळेल असं वाटत नाही. मला वाटलं गुरुजी कोसळतील. ते जाताना प्रयोगशाळेच्या दारात थांबून मला म्हणाले, "आजवर सगळे 'बघू या' म्हणत होते. 'नाही' म्हणणारं कुणीतरी भेटलं, बरं झालं. आता आम्ही दोघं दत्तक मुलाचा विचार मोकळ्या मनाने करू." त्यांनी पुढच्या संशोधनासाठी आणखी एक नमुनाही आपणहून दिला. त्याचा त्यांना स्वतःला काडीचा फायदा नव्हता. अशा कितीतरी माणसांच्या जिवावर हे ज्ञान उभं आहे, आणि त्यांच्यापैकी कुणाचंच नाव कुठे येणार नाही.

हरेश्वरचा निरोप आला तेव्हा शिमगा जवळ आला होता. बाईंनी दोघांना समोर बसवलं, मलाही बोलावून घेतलं. पहिलं प्रथिन होतं. फार थोडं, पण होतं. बाई नेहमीप्रमाणे सावधपणे बोलत होत्या, शक्यता, खात्री नाही, वगैरे. हरेश्वरने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "म्हंजे हाय कायतरी?"

"असावं," बाई म्हणाल्या.

त्याने सुगंधाकडे पाहिलं. मी त्या दोघांना केंद्रात इतक्यांदा पाहिलं होतं, पण त्याने तिच्याकडे सरळ पाहिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी पाहिलं.

पुढचं सुगंधाने सांगितलं. त्याच संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना तो आईला म्हणाला, "तिच्यात काय खोट न्हाय. खोट माज्यात हाय. आता परत मुरूडचा नाव काढायचा न्हाय." आई ताटावरून उठून गेली. भाऊ काहीतरी बोलायला गेला तर त्याला म्हणाला, उद्या बोटीवर यायचं की नाही ते ठरव. मला याचं नवल वाटत राहिलं. शून्य होतं तोवर या माणसाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. 'असावं' एवढं ऐकलं आणि त्याला खरं बोलायचं बळ आलं. मूल होवो न होवो, सुगंधाचं निम्मं काम तिथेच झालं होतं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याची आईही आली. सुगंधाच्या खाटेपाशी पिशवी घेऊन बसली. सुगंधाची बीजं सकाळीच काढून ठेवली होती. ती फार वेळ थांबत नाहीत. मुंबईचे सर्जन मोठ्या भिंगातून बघत कणाएवढे तुकडे काढत होते आणि शेजारच्या खोलीत मी ते बशीत सुयांनी विंचरून सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते. पहिल्या तुकड्यात काही नाही. पुढच्यात नाही. मधल्या काचेतून शुभदाबाई भुवया उंचावून विचारायच्या आणि मी मान हलवायचे. मानेला रग लागली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या मनात सारखं येत होतं की या माणसाने घरात सगळ्यांसमोर आपली इज्जत पणाला लावली आहे, ती मी पाठवलेल्या त्या पाण्याच्या भरवशावर.

सर्जननी दुसऱ्या बाजूच्या वरच्या टोकाचा एक तुकडा दिला. मी विंचरला, बघत गेले, आणि पेशींच्या गर्दीत एक शेपटी अगदी किंचित हलली. मी फोकस नीट करून पुन्हा पाहिलं. पुन्हा हलली. मी काचेवर बोटांनी टकटक केली. शुभदाबाईंना पुढचं काही विचारावं लागलं नाही. त्या तुकड्यात आणखी थोडे मिळाले. बीजांना पुरतील एवढे.

पण गोष्ट लगेच गोड झाली नाही. प्रयोगशाळेत तयार झालेला पहिला गर्भ सुगंधाच्या गर्भाशयात सोडला, तो टिकला नाही. रक्ताचा रिपोर्ट मीच केला होता आणि सांगायला बाईंबरोबर गेले. सुगंधा भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी सांगितलं की सगळं संपलेलं नाही, उरलेले गर्भ आपण गोठवून टाकीत ठेवले आहेत.

हरेश्वरने मान वर केली. "गोठवून म्हंजे? बर्फात?"

"बर्फाहून पुष्कळ गार," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघत राहिला आणि हसायला लागला. ते हसू मी पहिल्यांदा पाहिलं. सुगंधाच्या खांद्याला हात लावून तिला म्हणाला, "ऐकलास? बर्फात हाय. म्हंजे ताजाच हाय. मना आता भ्या न्हाय." आणि सुगंधा रडता रडता हसली, आणि खोटं कशाला सांगू, मीही.

त्या टाकीतल्या गर्भाची मुलगी झाली. बारशाला मला बोलावलं. पाळण्याची दोरी सासूने स्वतः सुगंधाच्या हातात दिली आणि तिचा हात धरून ठेवला. घुगऱ्या वाटायची वेळ झाली तरी दोघी झोका देतच होत्या.

निवृत्तीनंतर मी अधूनमधून विचार करते तो त्या बेसिनचा. ताट पालथं घालण्याआधीच्या वर्षांत जी माणसं 'शून्य' ऐकून मान खाली घालून गेली, त्यांच्यापैकी किती जणांचं पाणी काहीतरी सांगत होतं? तेव्हा कुणालाच ते वाचता येत नव्हतं, हे मला कळतं. तरी रुखरुख राहते. पण तिच्याहून मोठी कृतज्ञता आहे. मला असं काम मिळालं की ज्याचं नाव पंगतीत घेता येत नाही, पण ज्याच्यापायी लोकांनी मला आपल्या घरातल्या माणसासारखं मानलं. आणि जे मी आयुष्यभर ओतत होते ते निवृत्त होण्याआधी सांभाळून ठेवायची संधी मिळाली. सगळ्यांना ती मिळत नाही.

दर नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडल्या की काशीदहून आमच्याकडे मासळीची पेटी येते. यंदा पेटीबरोबर तिघंही आली. मुलगी आता शाळेत जाते. नागावच्या किनाऱ्यावर गोळेवाला दिसला तसा तिने हट्ट धरून काला खट्टा घेतला होता, आणि आमच्या ओटीवर बसून, कोपरापर्यंत जांभळी होऊन, तो चोखत होती. सुगंधा वैतागून म्हणाली, "हिला दुसरा काय नको, बर्फच पायजे. जेवन सोडून बर्फ खाते. मॅडम, हिच्यावर जरा वरडा तुमी. तुमचा ऐकंल."

हरेश्वर पेटी उतरवत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवून हसू दाबलं.

मी म्हटलं, "ते मला सांगू नकोस बाई. बर्फावरून मी एकदा ओरडलेय, तेवढं पुरे."